सुई टोचून घेऊ का? जुनाट दुखण्यावर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जुनाट दुखण्यांवरचे प्रश्न मागवले होते. पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप सगळं मिळून ढीग आला आणि बरीचशी पत्रं एकाच ठिकाणी येऊन थांबतात, की गोळ्या खाऊन कंटाळा आलाय, कोणी अ‍ॅक्युपंक्चर सुचवलंय, कोणी सुजोक, कोणी पंचकर्म, तर जाऊ का? म्हणून यावेळची सगळी पानं त्यालाच दिलीयेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत.

मी ४४ वर्षांची, रोज विरार ते चर्चगेट करते. दोन वर्षं कंबर दुखतेय. एमआरआयमध्ये एल-फोर एल-फाइव्हला, म्हणजे कंबरेच्या खालच्या मणक्यांत, डिस्क बल्ज (मधली गादी बाहेर फुगलेली) आलाय. ऑर्थोवाले म्हणाले ऑपरेशन नको, फिजिओ करा. केलं, थोडं बरं वाटलं, मग परत तेच. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते अ‍ॅक्युपंक्चर कर, तिच्या नणंदेला फरक पडला. मिस्टर म्हणतात सगळे मनाचे खेळ. खरं काय? आणि सुई दुखते का? (विरार)

ताई, आधी त्या एमआरआयबद्दल बोलू, कारण तुमचं पूर्ण पत्र वाचून मला वाटलं की अर्धी भीती त्या रिपोर्टातच आहे. डिस्क बल्ज हे दोन शब्द वाचले की माणूस वाकायचंच सोडून देतो, बादली उचलत नाही, खाली बसत नाही, आणि पाठ आणखी आखडते. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये आला होता, त्यात चाळिशीच्या साधारण निम्म्या लोकांमध्ये डिस्क बल्ज सापडला. ही माणसं आपली कामं करत फिरतायत. तेव्हा तुमचा बल्ज आहे हे खरं, पण दोन वर्षांचं सगळं दुखणं त्याच्या एकट्याच्या माथी मारू नका.

तीन महिन्यांच्या वर टिकलं की आम्ही दुखण्याला जुनाट म्हणतो, आणि तेव्हा कंबरेबरोबर नसा आणि मेंदूचा भागही मोठा होतो. एखाद्या सोसायटीत एकदा चोरी झाली की वॉचमन पुढे वर्षभर घरच्या माणसालाही गेटवर अडवतो, तसं काहीसं होतं, म्हणजे मूळ इजा बरी झालेली असते पण साध्या हालचालीलाही शरीर धोका समजून दुखायला लावतं. हे मिस्टरांना वाचून दाखवा. मेंदूचा सहभाग आहे म्हणजे दुखणं खोटं आहे असं मुळीच नाही, सगळंच दुखणं शेवटी मेंदूतच जाणवतं, अगदी हाड मोडल्याचंसुद्धा.

आता सुयांचं. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, २००७ मध्ये तो छापून आला. एका गटाला नीट अ‍ॅक्युपंक्चर, दुसऱ्याला मुद्दाम भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीचे उपचार म्हणजे गोळ्या, फिजिओ, व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के लोकांना चांगला फरक होता, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात फक्त २७.४ टक्के. हे आकडे शांतपणे बघा. सुया टोचून घेतलेल्यांना नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा बराच जास्त आराम पडला, पण सुई नेमकी कुठे टोचली याने फारसा फरक पडला नाही. मी यातून असं घेते की सुई टोचणं, अर्धा तास स्वस्थ पडून राहणं, कोणीतरी निवांत ऐकून घेणं आणि बरं होण्याची अपेक्षा, या सगळ्याने मिळून शरीर आपली स्वतःची वेदना दाबणारी यंत्रणा चालू करतं. सुई टोचल्यावर शरीरात एंडॉर्फिन नावाची वेदना दाबणारी द्रव्यं सुटतात आणि ती अडवणारं औषध दिलं की सुईने आलेला आराम कमी होतो, हे १९७० च्या दशकातच दिसलं होतं. पण अमुक बिंदूतून तमुक अवयवाची ऊर्जा मोकळी होते वगैरे कोणी छातीठोक सांगायला लागलं तर मला ते पटत नाही.

तज्ज्ञांमध्येही एकमत नाहीये. कोणते उपचार द्यावेत ते सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ च्या कंबरदुखीच्या गाइडलाइनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका म्हटलं, तर जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम, मसाज, समुपदेशन यांच्यासोबत सुयांचे उपचारही देता येतील असं सांगितलं. त्याच यादीत कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) नेहमीसाठी वापरू नका असंही आहे, आणि आपल्याकडे तर लोकलच्या प्रत्येक डब्यात दोन-चार बायका पट्टा बांधून उभ्या असतात! तुम्हीही बांधत असाल तर हळूहळू सोडा.

दुखतं का? इंजेक्शनसारखं नाही. इंजेक्शनची सुई पोकळ आणि जाड असते, ही भरीव आणि साधारण पाव मिलिमीटर जाडीची, केसापेक्षा जाड पण इंजेक्शनच्या सुईपेक्षा बरीच बारीक. बारीक प्लास्टिकच्या नळीतून टिचकी मारून आत सरकवतात, मुंगी चावल्यासारखं होतं न होतं, मग आत एक बोथट जडपणा किंवा ओढल्यासारखं वाटतं. तो जडपणा यावा अशीच अपेक्षा असते. झटका बसल्यासारखी तीव्र कळ आली तर मात्र लगेच सांगायचं, सुई काढतात. वीस ते तीस मिनिटं पडून राहायचं. उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते, विशेषतः ऑफिस सुटल्यावर दुपारच्या डब्यावरच थेट गेलात तर. पहिल्यांदा पालथं झोपूनच घ्या, बसून नको.

माझा सल्ला, करून बघा पण मुदत घालून. आठवड्याला एक किंवा दोन, पाच-सहा आठवडे. सुरू करण्याआधी वहीत एक गोष्ट लिहून ठेवा जी आज जमत नाही आणि जमायला हवी, जसं की अंधेरीपर्यंत उभं राहणं किंवा ओट्यावर पोळ्या एका दमात लाटणं. सहाव्या सेशनलाही त्यात फरक नसेल तर थांबा, पुढचं पॅकेज घेऊ नका. आणि फरक पडला तर तो आराम सोफ्यावर वाया घालवू नका, ज्या दिवशी कंबर हलकी त्या दिवशी चाला, फिजिओने शिकवलेले व्यायाम परत काढा. फिजिओ करून परत तेच झालं असं तुम्ही लिहिलंय, पण व्यायाम घरी किती दिवस चालू राहिला ते लिहिलं नाहीये. त्यातच बरंचसं उत्तर असावं.

एक महत्त्वाचं. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं किंवा आधी कधी कॅन्सर झालेला असणं, यातलं काहीही असेल तर अ‍ॅक्युपंक्चर, मसाज सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर. ताबा जाणं किंवा बधिरपणा असेल तर त्याच दिवशी, अपॉइंटमेंटची वाट न बघता.

वय ६२, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी केली, आता दोन्ही गुडघे गेलेत. अ‍ॅक्युपंक्चरने गुडघ्यात गादी परत तयार होते का? सध्या गावाकडून एका वैद्याची काळसर पूड मागवतो, नाव-बिव काही नाही, पण चार दिवसांत एवढा फरक पडला की जिने चढायला लागलो. आठ महिने घेतोय. हल्ली चेहरा सुजल्यासारखा दिसतो आणि शुगर वाढलीय असं म्हणतात. (लालबाग)

काका, गुडघ्याचं नंतर बोलू, आधी ती पूड. नाव नाही, लेबल नाही आणि चार दिवसांत जादू, हे ऐकलं की आमच्या मनात पहिला संशय स्टेरॉइडचा येतो. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड किंवा पेनकिलर कुटून मिसळल्याचं आपल्याकडे अनेकदा सापडलंय. चेहरा गोल होणं, शुगर वाढणं, बीपी वाढणं, कातडी पातळ होऊन लगेच काळंनिळं पडणं, ही सगळी त्याचीच लक्षणं आहेत. आता नीट वाचा, ही पूड मनाने एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड महिनोन्‌महिने मिळालं की शरीर आपलं स्वतःचं तयार करायचं कमी करतं, आणि अचानक थांबवलं तर बीपी पडून, उलट्या होऊन जिवावर बेतू शकतं. उद्याच पुडी खिशात घालून केईएमच्या मेडिसिन ओपीडीत जा, तुम्हाला चालत जाण्याएवढं जवळ आहे. डॉक्टरांपासून लपवू नका, ओरडले तर ओरडू देत. ते रक्त तपासतील आणि काय कसं कमी करायचं ते ठरवून देतील.

आणि आयुर्वेदिक आहे म्हणजे अपाय नाही हा समज मनातून काढा, मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही हे वाचकांना माहीत आहे, माझं भांडण बिनलेबलच्या पुडीशी आणि मनाने घेण्याशी आहे. कोविडच्या काळात २०२० च्या शेवटी आपल्या मुंबईतच लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले होते. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, वादही झाला, पण मुद्दा एवढाच की जे औषध गुण देऊ शकतं ते अपायही करू शकतं. आयुर्वेदच हवा असेल तर वरळीचं पोदार रुग्णालय आहे, शिकलेले वैद्य आहेत, लिहून दिलेलं औषध घ्या.

गुडघा: नाही काका, झिजलेली गादी सुईने परत येत नाही. कोणी तसं सांगून पैसे घेत असेल तर उठून या. दुखणं कमी होण्याबद्दल म्हणाल तर नाइसने २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका म्हटलंय, अमेरिकेतल्या सांधेतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये हवं तर करून बघा अशा सुरात मान्यता दिलीय. दोन्ही ठिकाणी व्यायामाबद्दल मात्र शंका नाही. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याने ती दाबून पाच मोजा, सोडा, दहा वेळा. मग खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. केईएम, नायर आणि सायन तिन्ही ठिकाणी पालिकेची फिजिओथेरपी आहे, खर्च नाममात्र.

वय २९, आयटीत आहे, कॉलेजपासून मायग्रेन. महिन्यातून आठ-नऊ वेळा येतो. मेडिकलमधून मिळणारी डोकेदुखीची गोळी जवळजवळ एक दिवसाआड घेते. रोजच्या प्रिव्हेंटिव्ह गोळ्यांनी वजन वाढलं म्हणून सोडल्या. अ‍ॅक्युपंक्चर, सुजोक, कानात टोचणं यातलं काय करू? (ठाणे)

तुझ्या वयाच्या मुलींची अशी पाच-सहा पत्रं आहेत, सगळ्यांना मिळून लिहिते. मायग्रेन ही अशी जागा आहे जिथे मी स्वतःहून अ‍ॅक्युपंक्चर सुचवते. कॉक्रेन नावाची संस्था जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासते, त्यांचा २०१६ चा आढावा आहे. नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांमध्ये १०० पैकी १७ जणांची डोकेदुखी निम्म्यावर आली, सोबत अ‍ॅक्युपंक्चर घेतलेल्यांमध्ये ४१ जणांची. खोट्या, म्हणजे नुसत्या दाखवण्यापुरत्या सुयांशी तुलना केली तर फरक लहान होतो, १०० पैकी ५० विरुद्ध ४१, पण आहे. आणि रोजच्या प्रतिबंधक गोळ्यांच्या तुलनेत सुया निदान तितक्या तरी कामाच्या ठरल्या, साइड इफेक्ट कमी. तेव्हा वजन वाढलं म्हणून गोळ्या सोडलेल्या मुलीला हा पर्याय योग्य आहे. अभ्यासांत साधारण सहा सेशन तरी झालेली असतात, त्यामुळे दोनदा जाऊन सोडून देऊ नको.

पण त्याआधी ती एक दिवसाआडची गोळी. डोकेदुखीची गोळीच डोकेदुखी वाढवते हे कोणालाच पटत नाही, पण तसं होतं. कॅफिन वगैरे घातलेली मिश्र गोळी महिन्यात दहा दिवस किंवा साधी पेनकिलर पंधरा दिवस अशी तीन महिन्यांपेक्षा जास्त चालली की डोकं गोळीवरच अडकून बसतं. तुझी गोळी मिश्र असेल तर तू त्या हद्दीच्या बरीच पुढे आहेस, साधी असेल तरी हद्दीवरच आहेस. गोळीच्या पाकिटामागे काय काय घटक आहेत ते बघ, तारीख लिहायला लाग आणि न्यूरॉलॉजिस्टला भेट. प्रिव्हेंटिव्हमध्ये वजन न वाढवणाऱ्याही गोळ्या आहेत, हे त्यांना सरळ विचार. हे न करता सुया टोचून घेतल्यास तर सुयांना दोष येईल.

सुजोक म्हणजे बोटांवर मूग नाहीतर मेथीचे दाणे चिकटपट्टीने लावणं, कोरियातून आलेली पद्धत आहे. अपाय काही नाही, पण मायग्रेनसाठी भरवसा ठेवावा असा पुरावा मी वाचलेला नाही. आवडत असेल तर लाव, त्याचे हजारो रुपये देऊ नको. कानात टोचून सुई आतच राहू देतात, त्याबद्दल मी नको म्हणेन, कानाची कूर्चा पिकली तर फार त्रास होतो.

अचानक, आयुष्यात कधी झाली नाही इतकी भयंकर डोकेदुखी, किंवा सोबत ताप, मान ताठ, बोलण्यात अडखळणं असं झालं तर तो मायग्रेन समजून घरी पडून राहायचं नाही, इमर्जन्सीत जायचं.

वडिलांना वीस वर्षं डायबिटीस. तळपायाची आग होते, मुंग्या येतात, रात्री झोप नाही. काकांनी काट्याच्या अ‍ॅक्युप्रेशर चपला आणून दिल्यात. जवळच्या सेंटरवाले म्हणतात धुरीचा शेक, म्हणजे मॉक्सा, देऊ. द्यावा का? (सायन)

नको. चपलाही नको, शेकही नको, गरम पाण्याची पिशवीही नको. डायबिटीसमध्ये पायांच्या नसा बिघडलेल्या असतात म्हणूनच आग होते आणि त्याच कारणाने खरा चटका कळत नाही. मी असे पाय बघितलेत, चपलेच्या काट्याने तळव्याला पडलेलं बारीक भोक आठ-दहा दिवस कोणाच्या लक्षातच नाही, मोजा ओला लागला तेव्हा समजलं, आणि तोवर आत पू. रोज रात्री झोपताना तुम्ही स्वतः त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा, वाकून दिसत नसेल तर खाली आरसा धरा. आगीसाठी औषधं आहेत आणि ती साध्या पेनकिलरपेक्षा वेगळी असतात, डॉक्टरांना पत्रातलं सगळं सांगा. शुगर ताब्यात आणणं हा यातला सगळ्यात मोठा उपचार. अ‍ॅक्युपंक्चर करायचंच असेल तर डायबिटीसच्या डॉक्टरांना विचारून, आणि बधिर पावलांत सुया टोचू द्यायच्या नाहीत.

ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन आणि किमो होऊन दीड वर्ष झालं. आता पाच वर्षांची रोजची गोळी चालू आहे. त्यापासून हाताची बोटं, मनगटं, गुडघे इतके आखडतात की सकाळी दुधाची पिशवी फोडता येत नाही. गोळी बंद करावीशी वाटते. सुया चालतील का? (परळ)

गोळी बंद करू नका. तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुधाच्या पिशवीपाशी थांबले, कारण ओपीडीत अशा बायका रोज भेटतात आणि बऱ्याच जणी कोणाला न सांगता गोळी सोडून मोकळ्या होतात. तुम्ही गोळीचं नाव लिहिलं नाहीये, पण वर्णनावरून ती अरोमाटेज इनहिबिटर, म्हणजे शरीरात इस्ट्रोजेन तयार होणं रोखणाऱ्या गोळ्यांच्या गटातली असावी, आणि ही सांधेदुखी त्या गटाचा ओळखीचा परिणाम आहे. या गोळ्या घेणाऱ्या आणि सांधे दुखणाऱ्या २२६ बायकांवर अमेरिकेत अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला. खऱ्या सुया, खोट्या सुया आणि नुसतं थांबणं असे तीन गट. सहा आठवड्यांनी खऱ्या सुयांच्या गटात दुखणं जास्त कमी झालं. फरक प्रचंड नव्हता, पण गोळी चालू ठेवायला बळ मिळेल एवढा असू शकतो.

आधी तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोला. ते गटातलीच दुसरी गोळी बदलून बघू शकतात, कधीकधी तेवढ्याने भागतं. प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी कमी असतील तर सुया नाहीत. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात त्या हाताला सूज असेल किंवा येण्याची भीती असेल तर तो हात सोडून टोचायला सांगा, आणि हे टोचणाऱ्याला आधीच, खुर्चीत बसल्या बसल्या सांगा. सकाळी कोमट पाण्यात बोटांची उघडझाप करा, रोज चाला. दुधाची पिशवी तोवर कात्रीने कापा किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी कापू द्या, त्यात कमीपणा नाही.

अंगभर दुखतं, झोपून उठले तरी थकलेली असते. सगळे रिपोर्ट नॉर्मल. एका डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया सांगितलं, घरचे म्हणतात असा रोगच नसतो, कामाचा कंटाळा आहे. चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. बरं वाटलं त्या दिवशी सगळं घर काढते आणि मग चार दिवस उठवत नाही. (गिरगाव)

असा आजार असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत जुनाट प्राथमिक वेदना असा वेगळा गटच आहे आणि तुमचं दुखणं त्यात येतं. रक्ताच्या रिपोर्टात ते दिसत नाही कारण बिघाड वेदना मोजणाऱ्या यंत्रणेत आहे, रक्तात नाही. घरच्यांना हे पान दाखवा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे एकट्या जाऊ नका, ज्यांना पटत नाहीये त्यांनाच सोबत घेऊन जा.

याच गटासाठी नाइसने २०२१ मध्ये जे सांगितलं ते ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसेल. पॅरासिटामॉल, नेहमीच्या पेनकिलर, अफूवर्गातल्या गोळ्या, या नव्याने सुरूच करू नका म्हणाले. व्यायाम, मानसोपचारातल्या दोन पद्धती, काही नैराश्यविरोधी औषधं आणि अ‍ॅक्युपंक्चर, एवढं सुचवलं, तेही अ‍ॅक्युपंक्चर एकूण पाच तासांच्या आतच. तेव्हा तुम्हाला हो, करून बघायला हरकत नाही. नैराश्याची गोळी दिली तर घाबरू नका, वेड लागलं म्हणून नाही देत, वेदना कमी करायलाच देतात.

पण तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बरं वाटलं की घर काढणं आणि मग चार दिवस अंथरूण, हे चक्र तुटल्याशिवाय सुई, तेल, योग कशाचाच गुण टिकणार नाही. चांगल्या दिवशी थांबायचं असतं, वाईट दिवशी थोडं तरी हलायचं असतं. घड्याळ लावा, पंधरा मिनिटं काम, मग बसायचं, दमलेल्या नसलात तरी बसायचं. एका दिवशी एकच कपाट. भाजी, औषधं असं सगळं एकाच खेपेत आणा, म्हणजे तीन मजले चार वेळा चढावे लागणार नाहीत, आणि दळण कोणीतरी वर आणून देईल अशी व्यवस्था घरच्यांनी करायची, ही माझी त्यांना विनंती आहे. हळू चालीचा योग, श्वासाचे व्यायाम याने झोपेला मदत होते. तुम्हाला मरीन ड्राइव्हचं कैवल्यधाम जवळ आहे, चौकशी करा, पण पहिल्याच दिवशी सूर्यनमस्कार घालायला लावणाऱ्या कुठल्याही वर्गाला जाऊ नका.

मुंबईत चांगला अ‍ॅक्युपंक्चरवाला ओळखायचा कसा? गल्लोगल्ली बोर्ड आहेत. (डोंबिवली, मुलुंड, बोरिवली आणि इतर बरेच)

महाराष्ट्रात यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली अ‍ॅक्युपंक्चर काउन्सिल आहे आणि तिथे नोंदणी लागते. नोंदणी नंबर विचारा, विचारायला लाजू नका. (जाता जाता, चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत असतात, ते शिकले मुंबईच्या जीएस मेडिकलला. त्याच पथकातले डॉ. बिजॉय बसू पुढे परत चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि १९५९ च्या सुमारास कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं.)

खोलीत गेल्यावर डोळे उघडे ठेवा. सुयांचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फाडलं पाहिजे. वापरलेल्या सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात गेल्या पाहिजेत. तुमच्या नावाची डबी ठेवतो, त्याच सुया पुढच्या वेळी वापरतो असं म्हणाले तर चप्पल घालून बाहेर या, हिपॅटायटिस बी अशा सुयांमधून पसरलेला आहे. टोचण्याआधी त्यांनी विचारलं पाहिजे की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, गरोदर आहात का, पेसमेकर आहे का. न विचारता टोचायला लागणारा माणूस मला नको वाटतो. छाती, पाठीचा वरचा भाग आणि खांद्याजवळ खोल सुई गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं, फार क्वचित होतं पण होतं, सेशननंतर दम लागला किंवा छातीत दुखलं तर हॉस्पिटल.

बीपीच्या, शुगरच्या गोळ्या बंद करा म्हणणारा, तीस सेशनचे पैसे आगाऊ मागणारा, कॅन्सरपासून केस गळण्यापर्यंत सगळं बरं करतो म्हणणारा, या तिघांपासून लांब राहा. मेडिक्लेममध्ये असे ओपीडीचे खर्च बहुतेक वेळा बसत नाहीत, आधी पॉलिसी वाचा. परवडत नसेल तर मनाला लावून घेऊ नका, व्यायाम आणि फिजिओचा पुरावा सुयांपेक्षा भक्कम आहे. हाजी अलीला केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशनची मोठी संस्था आहे, १९५५ पासूनची, तिथे दाखवा.

आई ७१ वर्षांची, पेसमेकर आहे. मानदुखीसाठी सेंटरवाले सुयांना करंट जोडून देतो म्हणतात, एकदम सौम्य असतो म्हणे. चालेल का? (चेंबूर)

नाही. करंट कितीही सौम्य असला तरी पेसमेकर असताना सुयांना वायर जोडायची नाही. घरी वापरायचं टेन्सचं (कातडीवरून सौम्य करंट देणारं) मशीनही हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. करंटशिवाय साध्या सुया चालू शकतात, पण आई रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर तेही आधी त्यांच्याच डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा आणि तो कागद सेंटरवाल्यांना दाखवा.